दोघांचा बटवा आणि कोकणचा किनारा

‘कात्रजचा घाट दाखविणे’ हा वाक्प्रचार मराठी वाचकांपैकी कोणास ठाऊक नाही? १६६३ साली लाल महालात शाएस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज सिंहगडाकडे निघाले, त्या वेळी बैलांच्या शिंगांस पेटते पलिते बांधून त्यांना या घाटाकडे पिटाळण्यात आले व मोगलांची फौज त्या उजेडामागे धावत सुटली, अशी कथा परंपरेने सांगण्यात येते. आम्ही कात्रजचेच रहिवासी असल्यामुळे या वाक्प्रचारावरून होणारी थट्टा आमच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. परंतु मोगलांप्रमाणेच भूगोलाच्या विद्यार्थ्यासही हा घाट अद्याप चकवितो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

कात्रजचा घाट ओलांडला म्हणजे आपण कोकणच्या वाटेस लागलो, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. घाटाच्या अलीकडे नानासाहेब पेशव्यांनी पुण्याच्या पाण्यासाठी बांधविलेला कात्रजचा तलाव आहे. तेथून निघणारा आंबिल ओढा मुठेस मिळतो व मुठेचे पाणी पुढे भीमेत जाते. घाटाच्या पलीकडे पडलेले पाणी शिवगंगा व गुंजवणी यांच्या वाटेने नीरेत जाते, आणि नीराही अखेर नरसिंगपुराजवळ भीमेसच मिळते. म्हणजे घाटमाथ्यावर हातभर अंतराने पडलेले पावसाचे दोन थेंब कितीही भांडून वेगळे झाले, तरी त्यांना भीमेत पुन्हा एकत्र यावे लागते व कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागराची वाट धरावी लागते. अरबी समुद्र येथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर असेल. पण कात्रजचा एक थेंबही त्यास मिळत नाही. खरा पाणलोट फिरतो तो भोरच्याही पुढे, वरंध घाटाच्या माथ्यावर. तेथून पश्चिमेस पडलेले पाणी सावित्री नदीतून बाणकोटच्या खाडीस जाते.

कात्रजच्या पाण्याला जो समुद्र मिळत नाही, तो आपण तरी पाहावा, या इच्छेने दिवाळीच्या सुटीच्या उत्तरार्धात आम्ही व आमचे एक जुने वर्गबंधू, असे दोघे सात दिवस किनाऱ्याने फिरून आलो. पाठीवर एकेक पिशवी, खिशात मोजके पैसे, आणि हर्णे ते तेरेखोल हा बेत. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा हेतू नाही. थोडक्या पैशांत किनारा कसा पाहावा याचा अभ्यास या निमित्ताने घडला, तो आपल्या शाळेच्या विद्यार्थिबंधूंपुढे मांडावा, इतकाच हेतू आहे.

प्रथम पैशांविषयी; कारण बहुतेक मित्रांचे बेत तेथेच मोडतात. आमच्या वर्गबंधूस विचारले तेव्हा त्याने ‘रजा मिळत नाही’ असे उत्तर दिले. तो एका दुकानात नोकरीस आहे, घरचा भार त्याच्यावर आहे, व त्याने आजवर समुद्र पाहिलेला नव्हता. अडचण रजेची नसून पैशांची आहे हे आम्ही ताडले. परंतु ‘तुझे पैसे आम्ही भरतो’ असे म्हटले असते तर तो मुळीच आला नसता. म्हणून आम्ही त्यास एवढेच म्हटले, “तू आकडा सांग, बेत त्या आकड्यात बसवू.” दोन दिवसांनी त्याने पाच हजारांचा आकडा सांगितला. आम्हीही तेवढेच काढले, व दहा हजारांचा एक सामाईक बटवा झाला. एके दिवशी बटवा एकाने सांभाळावयाचा व हिशेब दुसऱ्याने लिहावयाचा, दुसऱ्या दिवशी उलट, असा नियम ठरला. हल्ली खिशातील फोनवरून क्षणात पैसे देता येतात. त्यामुळे सामाईक बटव्यास मोठा धोका उत्पन्न झाला आहे. कारण ज्याच्याजवळ अधिक आहे तो सहज, चांगल्या हेतूनेही, नियम मोडू शकतो. यास्तव प्रवासात स्वतःच्या खात्यातून काहीही द्यावयाचे नाही, हेही एक कलम आम्ही घातले.

आता या दहा हजारांचे गणित पाहा. परतल्यावर हिशेबाची वही पाहता सुमारे चार हजार पाच रात्रींच्या मुक्कामास, तीन हजार गाड्या व होड्यांस आणि तीन हजार अन्नास लागले, असे दिसले. आमच्यापैकी एकटाच गेला असता तर त्यास किती लागले असते? गाडीचे तिकीट दोघांत वाटून घेता येत नाही. थाळीही बहुतेक ठिकाणी माणशी एक घ्यावी लागते. तेव्हा त्या दोन सदरांत दीड-दीड हजार पडलेच असते. परंतु खोलीचे भाडे एकट्यासही जवळजवळ पुरतेच पडते. म्हणून ते चार हजार. बेरीज सात हजार झाली. म्हणजे सोबतीमुळे प्रत्येकाचे दोन हजार वाचले, व तेही सर्वच्या सर्व रात्री झोपेत वाचले! मित्र बरोबर असला की सगळाच खर्च निम्मा होतो, ही समजूत त्यामुळे खरी नव्हे. दिवसा मित्रामुळे जे मिळते त्याची नोंद करण्यास हिशेबाच्या वहीत सदर नाही.

प्रवासाच्या सदरात काटकसर करावयाची तर राज्य परिवहनाची एस. टी. हाच कात्रजकराचा मार्ग. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर या सेवेची पहिली गाडी धावली. १९९८ च्या २६ जानेवारीपासून कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली खरी. परंतु पुण्याहून ती गाठण्यास उत्तरेकडे पनवेलपर्यंत वळसा पडतो, शिवाय तिची स्थानके किनाऱ्यापासून आत आहेत. मालवणास जाणाऱ्याने कुडाळास उतरून पुन्हा एस. टी. धरावी हे आलेच. एस. टी.चा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पासही असतो. रोज लांब पल्ला तोडणाऱ्यास तो स्वस्त पडतो. एकेका गावी दोन-दोन रात्री राहणाऱ्यास तो महाग पडण्याचा संभव असतो. तो घेण्यापूर्वी सुट्या तिकिटांची बेरीज करावी. मार्च २०२३ पासून स्त्रियांस एस. टी.त निम्मे तिकीट पडते. तेव्हा आपल्या शाळेतील मुलींनी हेच गणित स्वतःसाठी मांडले तर त्यांचा आकडा आमच्याहून कमी येईल.

वरंध घाटाने महाडास उतरून, तेथे गाडी बदलून आम्ही दापोलीस गेलो. (हा घाट पावसाळ्यात दरडींमुळे व कधी दुरुस्तीमुळे बंद असतो, तेव्हा ताम्हिणीने जावे लागते. आधी चौकशी करावी.) दापोली हे जुने लष्करी ठाणे, म्हणून तेथील वयस्क माणसे अजूनही त्यास ‘कँप’ म्हणतात. साने गुरुजी तेथील मिशन हायस्कुलात शिकले, हे आपल्या विद्यार्थ्यांस वाचून बरे वाटेल. सायंकाळी हर्णे बंदरावर माशांचा लिलाव चालतो. पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. आमचा सोबती लिलावाकडे पाठ करून बराच वेळ पाण्याकडे पाहत उभा राहिला आणि मग त्याने विचारले, “हे पाणी वर येते म्हणजे नक्की किती वाजता येते?”

प्रश्न उत्तम होता, व त्याचे उत्तर कोकणात पंचांग जाणणाऱ्या कोणासही देता येते. तिथीचा आकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजता, दिवसा एकदा व रात्री एकदा, पूर्ण भरती असते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. स्थलपरत्वे यात थोडा फरक पडतो, तरी पायी चालणाऱ्याचे काम एवढ्याने भागते. कारण असे की चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा माथ्यावर येतो, आणि समुद्र त्याच्या मागोमाग चालतो. अमावास्या व पौर्णिमेस सूर्य-चंद्रांचे आकर्षण एका रेषेत येऊन पाणी फार चढते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ते कमी चढते, ती भांगाची भरती. आम्ही गुहागरास पोहोचलो तो दिवस कार्तिक शुद्ध अष्टमीचा होता. म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. ओहोटीची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते, कोरडी वाळू पाय ओढते. पिशवी पाठीवर असता हा भेद पोटऱ्यांस फार लवकर कळतो. त्या दिवशी गुहागरचा लांबलचक किनारा आम्ही पायी चाललो व रिक्षाचे भाडे वाचविले.

पण गुहागरास येण्यापूर्वी दाभोळ लागते, व किनाऱ्याच्या प्रवासाची खरी गुरुकिल्ली आम्हांला तेथे सापडली. नकाशात कोकणचा किनारा सरळ खाली उतरलेला दिसतो. प्रत्यक्षात सह्याद्रीवरून धावत येणाऱ्या आखूड नद्यांनी तो जागोजाग चिरला आहे: बाणकोटास सावित्री, दाभोळास वाशिष्ठी, जयगडास शास्त्री, रत्नागिरीजवळ काजळी, पुढे मुचकुंदी, वाघोटण, गड, कर्ली व शेवटी तेरेखोल. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले असता पलीकडचा धोपावे गाव स्पष्ट दिसतो. परंतु जमिनीने तेथे जावयाचे तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराहून अधिक किलोमीटरांचा फेरा आहे. मोटारी वाहणारी फेरीबोट, जिला लोक ‘जंगल जेटी’ म्हणतात, ती पाव तासाच्या आत पलीकडे नेऊन सोडते. तवसाळ ते जयगड याही खाडीवर अशीच सोय आहे. ज्यास खाड्या ठाऊक, त्याचा प्रवास स्वस्त. ज्यास केवळ हमरस्ता ठाऊक, तो प्रत्येक खाडीस वळसा घालून डिझेलचे पैसे भरतो. नवे पूल जसजसे पुरे होतील तसतसा हा धडा जुना होईल. सध्या तरी तो उपयोगी आहे.

दाभोळचे बंदर फार पुरातन. रशियातील त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी पंधराव्या शतकात चौलास उतरला, पायीपायी जुन्नरास गेला, तेथे त्याने पावसाळा काढला, बेदरापर्यंत फिरला व परत जाताना याच दाभोळास गलबतात चढला. वास्को द गामाने कालिकतच्या किनाऱ्यास पाय लावण्यापूर्वीची, १४७० च्या आगेमागेची ही हकीकत आहे. निकितिनापाशी राजाची थैली नव्हती. वाटेत त्याचा माल लुटला गेला होता.

त्याहून आपल्याला जवळचे उदाहरण दाभोळपासून दूर नसलेल्या मुरूड गावचे आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण येथे गेले. सरकारी परीक्षेस बसण्याकरिता, वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास, ऐन पावसाळ्यात, सोबत्यांसह ते सामान खांद्यावर टाकून घाट चढले व शंभराहून अधिक मैल पायी चालून साताऱ्यास पोहोचले. आणि तेथे त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. कारण दिसावयास ते फार लहान दिसत होते! तसेच परत यावे लागले. १९१६ साली ज्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ स्थापिले व १९५८ साली ज्यांस भारतरत्न मिळाले, त्यांच्या आयुष्यातील हा पहिला मोठा प्रवास असा निष्फळ ठरला होता. आमच्या सात दिवसांच्या फिरण्यास ‘कष्टाचा प्रवास’ म्हणण्याचा मोह ज्या ज्या वेळी झाला, त्या त्या वेळी हे मैल आम्ही एकमेकांस आठवून दिले.

ऋतूचा विचार येथेच करणे इष्ट. पावसाळ्यात किनाऱ्यावरील खोल्या स्वस्त मिळतात, म्हणून त्या दिवसांत जावे, असा सल्ला आम्हांस एकाने दिला होता. तो आम्ही मानला नाही. किल्ल्यांच्या होड्या त्या दिवसांत बंद असतात. जून-जुलैत मासेमारीस बंदी असते. आणि मुख्य म्हणजे पाणी हे पैशांचा हिशेब जाणत नाही. पूर्वी मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गरीब माणसाचा आधार आगबोट हाच होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट तुफानात बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. अलीकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुरात कोसळला व एस. टी.च्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. नाताळची सुटी हवेच्या दृष्टीने उत्तम. पण तेव्हा सारे शहर किनाऱ्यावर लोटते व भाडी चढतात. दिवाळीची गर्दी ओसरल्यानंतरचा आठवडा, किंवा जानेवारीचा उत्तरार्ध, हा आमच्या मते थोडक्या पैशांच्या प्रवाशाचा काळ होय.

गर्दी ओसरली असे आम्ही मानून गेलो, तरी गुहागरास ती पुरती ओसरली नव्हती. रिकामी एकच खोली, व भाडे आमच्या ठरलेल्या आकड्याच्या दुप्पट. अंधार पडत होता. वरची रक्कम आम्ही आपल्या खात्यातून देण्याचे बोलून दाखविले, त्यावर आमचा सोबती शांतपणे म्हणाला, “आज तू दिलेस तर उद्यापासून मी तुझा पाहुणा. मग कोठे जेवायचे हेही मला विचारू नकोस.” आम्ही पिशव्या पुन्हा पाठीवर घेतल्या. तीन ठिकाणी नकार मिळाला. चौथ्या घरी एका आजीबाईंनी माजघरालगतची पडवी दाखविली. दोन चटया, एक पंखा, परसात विहीर. भाडे आकड्याच्या आत आले, आणि रात्री मुगागाठीची उसळ व गरम भात मिळाला तो निराळा. पैसे कमी पडतात तेव्हा माणसास चार दारे अधिक ठोठवावी लागतात. त्यांतील एखादे असे उघडते. नेहमीच उघडेल अशी हमी मात्र आम्ही देणार नाही. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम शोधावा.

रत्नागिरीविषयी थोडक्यात. लोकमान्यांचे १८५६ सालचे जन्मस्थान व थिबा राजाचा वाडा ही दोन स्थळे शहरातच, पायी पाहण्यासारखी आहेत. ब्रह्मदेशाच्या या राजास इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून इकडे आणिले. वाडा १९१० साली बांधून झाला व १९१६ साली राजाने तेथेच देह ठेविला. ज्याच्या पुढ्यात अफाट समुद्र आहे व ज्यास त्यातून कोठेही जाण्याची मुभा नाही, अशा प्रवाशाचा वाडा पाहताना आमचा पाच हजारांचा आकडा आम्हांला फार मोठा वाटू लागला.

मालवणास खानावळीच्या वयनींनी “खंयसून इलात?” असे विचारले. ‘कात्रज’ हे उत्तर ऐकून त्यांनी तेथील दुधाची चौकशी केली. यावरून आमच्या गावाची कीर्ती घाटापेक्षा दुधामुळे अधिक पसरली आहे असे दिसते. येथे बटव्यास कसोटी लागली. सिंधुदुर्गास जाण्याच्या होडीचे पैसे द्यावे तर रात्रीची माशांची थाळी सोडावी लागत होती. दोघांनीही मनात किल्लाच धरला होता, पण प्रत्येकास वाटे की दुसऱ्याला थाळी हवी असेल! अखेर चिठ्ठीवर आपापली इच्छा लिहून चिठ्ठ्या बदलल्या, दोन्हींवर ‘किल्ला’. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याची पायाभरणी झाली. चहूंकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आमच्या सोबत्याने तेथील पाणी ओंजळीने पिऊन पाहिले, पुन्हा तटावरून समुद्राकडे पाहिले, व हिशेबाच्या वहीत होडीच्या रकमेपुढे ‘वसूल’ असा शेरा मारला. रात्री उसळ-पाव झाला.

शेवटच्या दिवशी वेंगुर्ल्यास सतराव्या शतकातील डच वखारीचे भग्नावशेष पाहून आम्ही रेडीमार्गे तेरेखोलास गेलो. तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तर तीरावर, महाराष्ट्राच्या बाजूस असूनही गोव्याच्या हद्दीत मोडतो. पोर्तुगीज अमलात, १५ ऑगस्ट १९५४ रोजी, सत्याग्रह्यांनी येथे तिरंगा उभारला होता. खाडीपलीकडे केरीचा किनारा. बटव्यात परतीच्या एस. टी.चे पैसे बाजूस ठेविल्यावर एकशे दहा रुपये शिल्लक होते, व पलीकडे जाऊन यावयाचे तर दोघांचे चार वेळचे होडीभाडे पडणार, असा हिशेब आमच्या सोबत्याने धक्क्यावर उभ्या उभ्याच मांडला. वही त्याच्या हाती होती. फेरीबोटीवरील माणसाने त्यास विचारले, “गाडी आहे का बरोबर?” नाही म्हणताच त्याने हातानेच आत येण्याची खूण केली; गोव्यात नदीपरिवहन खात्याच्या फेरीबोटींवर पायी उतारूस पैसे पडत नाहीत. आमच्या सोबत्याने वहीत ‘तेरेखोल ते केरी, दोघे’ असे लिहिले, समोरच्या रकान्यात शून्य काढले, व त्या शिल्लक पैशांतून पलीकडच्या तीरावर दोन चहा व दोन वडे मागविले.